गृहप्रपंच : मुहूर्त आणि महामार्ग

श्रावण सरत आला, कीं भिवंडींतील ज्या ज्या घराचें मूळ गांव कोंकणांत आहे, त्या त्या घरांत एकच विषय सुरू होतो : यंदा गणपतीला कोण कोण जाणार, कधीं निघणार आणि कशानें जाणार? माळ्यावरची पितळेची समई खालीं उतरते, मखराचें सामान जमूं लागतें, मोदकपात्राची शोधाशोध होते, आणि घरांतील नोकरदार मुलगे व सुना रजेचा हिशेब मांडूं लागतात. या सर्व गडबडींत एका गोष्टीचा निर्णय मात्र विचार करून कोणीच घेत नाहीं. तो आपोआप होऊन जातो. ती गोष्ट म्हणजे निघण्याची वेळ. ‘रात्रीं जेवून निघूं, पहाटे पोहोंचूं, स्नान करून लागलींच पूजेला बसूं,’ हें वाक्य आम्हीं इतक्या घरांतून ऐकलें आहे, कीं तें आतां गणेशोत्सवाच्या विधीचाच एक भाग झालें असावें असें वाटतें. या सदरांत आजवर आम्ही सणांच्या खर्चाविषयीं लिहिलें, पाहुण्यांविषयीं लिहिलें, नैवेद्याविषयींही लिहिलें. आज या एका वाक्याविषयीं लिहिणार आहों. वाचकांस विषय अशुभ वाटेल; परंतु सण जवळ आला असतांच तो बोलून टाकणें बरें.

सणासाठीं घरीं पोहोंचण्याची ओढ आणि तींतून ओढवणारें संकट, हें कांहीं मोटारींबरोबर आलेलें नाहीं. कोंकणचा रस्ता जेव्हां नांवालाच होता, तेव्हां मुंबईचा चाकरमानी आगबोटीनें जात असे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट भर पावसाळ्यांत, मुंबईपासून फार दूर न जातांच, उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. दिवस आषाढी अमावास्येच्या सणाचा होता. बोटींत घरीं जाणाऱ्यांची दाटी होती. हवा वाईट होती. आजही त्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण काढली जाते. दाटी, वाईट हवा आणि आजच पोहोंचलें पाहिजे हा हट्ट, या तीन गोष्टी तेव्हां समुद्रावर एकत्र आल्या होत्या. आतां त्या दरवर्षीं रस्त्यावर एकत्र येतात. फरक इतकाच, कीं बोट बुडाली तेव्हां सारा प्रांत हळहळला; रस्त्यावर माणसें एकेका मोटारींतून जातात, म्हणून त्यांची बातमी एका कोपऱ्यांत येते आणि दुसऱ्या दिवशीं विरून जाते.

वस्तुतः आंकडे पाहिले तर छाती दडपते. भारत सरकारनेंच प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें २०२२ या एका सालांत देशांत ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसें दगावलीं. म्हणजे दर दिवसाला साडेचारशेंहून अधिक, तासाला एकोणीस. वाचक हें सदर वाचून संपवीपर्यंत देशांत पांचसहा घरांवर तो प्रसंग आलेला असेल. त्यांतील दहांपैकीं सात मृत्यूंच्या मागें अतिवेग हें कारण नोंदलेलें आहे. पण वेग हा केवळ पायाखालच्या कळींत नसतो. तो आधीं मनांत उत्पन्न होतो. मनांत घड्याळ टिकटिकत असेल, तर पाय आपोआपच दाबला जातो. म्हणून आम्हांस पायापेक्षां त्या घड्याळाविषयीं अधिक बोलावयाचें आहे.

प्रथम भिवंडीकरांची वाट कशी आहे तें पाहूं. आपलें गांव मागाचें आणि आतां त्याहूनही गोदामांचें. काल्हेर, कशेळी, पूर्णा, माणकोली, दापोडा या गांवांतून पसरलेल्या वखारींत न्हावाशेवा बंदराचा माल कंटेनरांत भरून येतो. तो येतो त्याच वाटेनें आपण कोंकणांत जातों. माणकोलीहून खारेगांव, तेथून मुंब्र्याचा वळणरस्ता, शीळफाटा, कळंबोली आणि पनवेलजवळचा पळस्पेफाटा, एथपर्यंत कोंकणच्या यात्रेकरूची आणि बंदराच्या मालाची वाट बहुतेक एकच. म्हणजे इतर गांवच्या प्रवाशाला जो धोका पुढें भेटतो, तो भिवंडीकराला घराच्या उंबऱ्यापासूनच सोबत करतो. उत्सवकाळांत सरकार मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांस कांहीं दिवस बंदी करतें, आणि ठाण्याचे पोलीसही मिरवणुकींच्या दिवशीं त्यांस शहरांतून जाऊं देत नाहींत. हें योग्यच आहे. परंतु बंदी म्हणजे तीं वाहनें नाहींशीं झालीं असें नव्हे; तीं कोठें तरी कडेला ओळीनें उभीं असतात, आणि बंदीची घटका संपतांच एकदम सुटतात. त्यांच्या चालकांनाही घर आहे, त्यांनाही झोंप येते, आणि त्यांपैकीं कित्येक आपल्या गांवापासून हजार मैलांवर असतात. अंधारांत, पावसांत, दिवा न लावतां कडेला उभा असलेला कंटेनर आणि वेगानें येणारी आपली मोटार, यांची गांठ पडली तर दोष कोणाचा, हा प्रश्न मागाहून कोर्टांत सुटेल. घरांतील माणूस कांहीं त्या निकालानें परत येणार नाहीं.

पळस्प्याच्या पुढें राष्ट्रीय महामार्ग ६६ लागतो. पेण, वडखळ, नागोठणें, कोलाड, माणगांव, महाड, पोलादपूर हीं नांवें कोंकणी माणसाला जपमाळेसारखीं पाठ असतात. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेतलें गेलें. त्यानंतर मुलें जन्मलीं, शाळेंत गेलीं, दहावीच्या उंबऱ्यावर आलीं, आणि २०२५ च्या गणेशोत्सवांतही प्रवाशांना या महामार्गाच्या अपुऱ्या कामांतून, खड्ड्यांतून आणि एकाएकीं वळविलेल्या वाटांतून जावें लागलें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर एस्. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. नवा पूल पुढें १६५ दिवसांत उभा राहिला, आणि २०२३ सालीं गणपतीच्या तोंडावर कशेडी घाटांतील बोगद्याची एक बाजू खुली झाली, हेंही सांगितलें पाहिजे. मनांत आणलें तर काम होतें याची हीं दोन उदाहरणें. सरकारनें आपलें कर्तव्य करावें म्हणून लोकांनीं आवाज उठविलाच पाहिजे, आणि तो सणापुरता नव्हे. परंतु आजचें सदर सरकारास उद्देशून नाहीं. रस्ता सुधारणें आपल्या हातीं नाहीं. त्या रस्त्यावर कोणत्या वेळीं, कोणत्या मनःस्थितींत आणि किती माणसें घेऊन उतरावयाचें, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

आतां त्या वाक्याकडे वळूं. भिवंडीपासून चिपळूण सुमारें अडीचशें किलोमीटर, आणि कणकवली साडेचारशेंच्या घरांत. एरवीं जी वाट आठनऊ तासांची, ती या दिवसांत बारा-चौदा तास घेते. घरचा मोटार हांकणारा मुलगा त्या दिवशीं सकाळीं कचेरींत गेलेला असतो. संध्याकाळीं येऊन त्यानें सामान बांधलेलें असतें. पोटभर जेवून तो रात्रीं दहाला चाकावर बसतो. मध्यरात्रीनंतर दोनपासून पांचपर्यंतचा काळ असा असतो, कीं शरीर आपल्या स्वभावानेंच झोंप मागतें. कितीही चहा घेतला, कितीही गाणीं लावलीं, तरी तें ऐकत नाहीं. डोळे उघडे असतांही मेंदू दोनचार सेकंद निजतो, आणि निजणाऱ्याला तें कळतही नाहीं. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार चार सेकंदांत नव्वद मीटर जाते. नव्वद मीटर म्हणजे एका लांब आळीची लांबी. तेवढी वाट ती मोटार कोणी हांकीत नसतांनाच चालून जाते. १९ जानेवारी २०२३ रोजीं पहाटे पांचच्या सुमारास माणगांवजवळ रेपोली येथें मुंबईहून गुहागरकडे आप्तमंडळींना घेऊन निघालेली लहान मोटार आणि एक मालमोटार यांची समोरासमोर टक्कर झाली, आणि एकाच नात्यागोत्यांतील निदान नऊ माणसें गेलीं. त्या वेळीं कोणाचें काय चुकलें याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ती घटका कोणती होती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. शिवाय पाऊस असला कीं मोटार थांबावयास कोरड्या रस्त्याहून पुष्कळ अधिक अंतर लागतें, आणि पाण्यानें भरलेला खड्डा रात्रीं सपाट रस्त्यासारखाच दिसतो.

इतकें असूनही रात्रींच निघावयाचें, तें कां? तर मुहूर्त चुकूं नये म्हणून. एथें आमच्या घरांतील वडील मंडळींशीं आम्हांस आदरपूर्वक दोन शब्द बोलावयाचे आहेत, कारण मुहूर्ताची किल्ली त्यांच्या हातीं आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाचें पूजन मध्यान्हकाळीं करावें, असें शास्त्र आहे. आणि प्रातःकाळापासून मध्यान्हापर्यंत केव्हांही स्थापना करण्यास हरकत नाहीं, त्यास निराळा मुहूर्त पाहण्याचें कारण नाहीं, असें पंचांगकर्तेही वर्षानुवर्षें सांगत आले आहेत. म्हणजे सकाळीं सहा वाजून अमुक मिनिटांनीं मूर्ति चौरंगावर गेलीच पाहिजे, ही सक्ति शास्त्राची नव्हे, आपली आहे. दुसरें असें, कीं घरांत अशौच असेल तर त्या वर्षीं गणपति न आणण्यासही शास्त्राची मनाई नाहीं; प्रसंगाप्रमाणें सवलत देण्याइतका आपला धर्म उदार आहे.

तिसरी गोष्ट तर एकत्र कुटुंबाच्या अगदीं जिव्हाळ्याची आहे. अविभक्त भावांचें धर्मकृत्य एकच, असें स्मृतिकारांनीं मानलें आहे. गांवीं जो कोणी आहे, थोरला काका असो, धाकटा भाऊ असो, कीं घर सांभाळणारी वहिनी असो, त्यानें किंवा तिनें केलेली पूजा ही सर्व घराची पूजा होते. भिवंडीचा भाऊ आरतीला दुपारीं पोहोंचला काय आणि संध्याकाळीं पोहोंचला काय, त्याच्या पुण्यांत उणें येत नाहीं. ज्या घरांत हा विचार वडील माणूस स्वतः बोलून दाखवितो, तेथें मुलाच्या मानेवरचें मोठें ओझें उतरतें. ‘अरे, तुम्ही सकाळीं उजाडल्यावर निघा. मूर्ति आम्ही बसवूं. तुमच्यासाठीं मोदक झांकून ठेवूं,’ एवढें वाक्य आजोबांनीं चतुर्थीच्या आठ दिवस आधीं दूरध्वनीवर सांगितलें, तर तें कोणत्याही वाहतूक-अधिकाऱ्याच्या हुकुमापेक्षां अधिक काम करील. शक्य असेल त्यांनीं एक दिवस आधींच, तृतीयेस सकाळीं निघावें. पण त्या दिवशीं हरतालिका असते हें विसरूं नये. हल्लीं कित्येक घरांतून सुना आणि लेकी उत्तम मोटार हांकतात, हें आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु निर्जळ उपास धरलेल्या बाईनें घाटांत चाक हातीं धरूं नये, आणि धरणें भागच असेल तर सासूबाईंनींच तिच्या हातीं पाण्याचा पेला द्यावा.

वडिलांची कळकळ आणखी एका वाटेनें मोटारींत शिरते. ती म्हणजे दर अर्ध्या तासाची विचारणा : ‘कोठें आलांत? अजून माणगांवच?’ विचारणाऱ्याच्या पोटांत माया असते, पण ऐकणाऱ्याच्या कानांत ती घाई होऊन उतरते; आणि ऐकणारा बहुधा मोटार हांकणाराच असतो. तेव्हां घराघरांत असा नियम असावा, कीं चाकावर बसलेल्याला कोणीही बोलावूं नये. मागें बसलेल्या एकाच माणसाकडे घराशीं बोलण्याचें काम द्यावें, आणि तेंही थांब्यावर.

आतां मोटारीच्या आंत डोकावूं. सात माणसांच्या मोटारींत अकरा माणसें आणि त्यांत तीन मुलें ‘मांडीवर’, ही आपल्या एकत्र कुटुंबाची जुनी सवय. मांडी ही मुलाची जगांतील सर्वांत सुरक्षित जागा, असें आईला वाटतें; घरांत तें खरें आहे, धांवत्या मोटारींत खरें नाहीं. गणित सोपें आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार आदळून एकाएकीं थांबली, तर आंतील सुट्या माणसाला जो तडाखा बसतो, तो तीन मजली घराच्या गच्चीवरून खालीं पडल्याइतका असतो. वेग ८० असेल तर आठ मजल्यांवरून पडल्याइतका. त्या तडाख्यांत कोणत्याही आईचे हात मुलाला धरून ठेवूं शकत नाहींत; उलट तिच्या स्वतःच्या देहाचा भार मुलावर येतो. लहान मुलांसाठीं वेगळीं बांधणीचीं आसनें मिळतात, तीं दागिन्याच्या एका पाटलीहून कितीतरी स्वस्त असतात.

मोठ्या माणसांसाठीं आसनपट्टा आहे, ज्याला सारे सीटबेल्ट म्हणतात. तो पुढच्यांसाठींच, मागच्यांना लागू नाहीं, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, ऐन गणेशोत्सवांत, पालघर जिल्ह्यांतील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री गेले. मोटार नामांकित होती, भर दुपार होती. पुढें बसलेलीं दोघें जबर जखमी होऊनही वांचलीं, आणि मागें बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनीं पट्टा बांधला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. २०२२ सालींच पट्टा न बांधल्यामुळें देशांत १६ हजार ७१५ माणसें दगावल्याची नोंद आहे, आणि त्यांत जवळजवळ निम्मे हांकणारे नसून नुसते बसणारे होते. मागच्या आसनावरील पट्टाही कायद्यानें आवश्यक आहे. पण कायद्याचें राहूं द्या, जो पट्टा नुसता ओढून अडकवावयाचा, त्यासाठीं एवढा आळस कां?

सामानाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण देवाची पितळी समई, तांब्या, नारळ हें सर्व मागच्या कांचेजवळ सुटेंच ठेवतों. मोटार आदळली, कीं तेंच सामान बसलेल्यांच्या डोक्यांकडे दगडासारखें धांवतें. जड वस्तु खालीं, पायाशीं किंवा सामानाच्या खणांत, बांधून ठेवाव्या. मूर्ति भिवंडीहून न्यावयाची असेल तर ती मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची प्रथा सोडावी. मोटारीच्या पुढील भागांतून आदळण्याच्या क्षणीं जी हवेची पिशवी फुगते, ती माणसाला वांचविण्यासाठीं असते. मध्यें शाडूची मूर्ति आली तर तीच पिशवी ती मूर्ति छातीवर आणील. भुसा, कापूस आणि खोकें यांत मूर्ति नीट बसवून मागें ठेवण्यांत देवाचा कांहीं अवमान होत नाहीं.

घरांतील तरुणांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण त्यांना उपदेश फार झालेला असतो. चारसहा मित्र मिळून मोटारसायकलींनीं रात्रीं कोंकणांत जाण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाहीं. रात्र आणि पाऊस वाईट. २०२२ सालीं हेल्मेट नसल्यामुळें गेलेल्यांची संख्या पन्नास हजारांहून अधिक होती. हेल्मेट मागच्यालाही हवें. आणि गांवीं पोहोंचल्यावर सोळा वर्षांच्या भाच्याच्या हातीं ‘जा, दुकानांतून कापूर घेऊन ये’ म्हणून किल्ली देणाऱ्या मामांनीं हें जाणून असावें, कीं २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानें केलेल्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मद्य पिऊन हांकण्याविषयीं आमच्या वाचकांच्या घरांत लिहिण्याची वेळ येऊं नये. आलीच तर किल्ली काढून घेण्याचें धैर्य घरांतील बायकांनीं दाखवावें, आणि त्या वेळीं पाहुण्यांसमोर शोभा होईल याची पर्वा करूं नये.

कित्येक घरें भाड्याची मोटार करतात. पैसे दिले म्हणजे चालकाची काळजी आपली नव्हे, असें मानणें धर्मालाही धरून नाहीं आणि शहाणपणालाही. सणाच्या आठवड्यांत तोच चालक आज एका घराला चिपळुणास सोडून, रात्रींतच परत येऊन, उद्यां दुसऱ्या घराला घेऊन निघतो. तेव्हां ठरवितांनाच विचारावें, ‘काल रात्रीं झोंप झाली का?’ वाटेंत आपल्या पंक्तीला त्यालाही बसवावें, आणि गांवीं पोहोंचल्यावर त्याला पडावयास जागा द्यावी. आपल्या घरचीं सारीं माणसें ज्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहेत, त्या माणसाला अंगणांतील गाडींत डास मारीत बसविणें हा अविचार आहे.

परतीची वाटही विसरूं नये. गौरीविसर्जनानंतर सारें कोंकण एकाच दिवशीं मुंबईकडे फिरतें. दुसऱ्या दिवशीं कचेरी असते, आणि पांच दिवसांच्या जागरणाचा शीण अंगांत असतो. जातांना मुहूर्ताची घाई, येतांना हजेरीची. रजा मागतांना येण्याच्या बाजूस एक दिवस अधिक मागावा. तो दिवस वायां गेला असें वाटलें तरी चालेल.

आणि मोटारच कां? १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि दरवर्षीं गणपतीसाठीं जादा गाड्या सुटतात. भिवंडीकरांचें तर दैव असें, कीं आपल्याच भिवंडी रोड स्थानकावरून वसई-दिवा मार्गानें दिव्यास जातां येतें, आणि दिव्याहून सावंतवाडीची गाडी निघते. गर्दी असते हें खरें. परंतु नोव्हेंबर २०२४ पासून जागा राखण्याची मुदत साठ दिवसांवर आली आहे, म्हणजे आषाढांतच एकानें जागें राहून तें काम केलें तर आजीआजोबा आणि मुलें तरी रुळांवरून जाऊं शकतात. आळींतील वीसपंचवीस घरांनीं मिळून एस्. टी.ची एक गाडी ठरविली, तर तीही पुष्कळशी सुरक्षित वाट आहे.

शेवटीं, वाटेंत दुसऱ्याचा अपघात दिसला तर काय करावें? ‘पोलिसांचें लचांड मागें लागेल’ ही भीति आतां सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं आणि पुढें २०१९ च्या कायद्यानें मदत करणाऱ्याला संरक्षण दिलें आहे. त्याला साक्षीसाठीं अडकवितां येत नाहीं, कीं नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. जखमीला पहिल्या तासांत इस्पितळांत पोहोंचविलें तर वांचण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत विनामूल्य उपचारांची केंद्र सरकारची योजना लागू आहे. आपली आरती उशिरा झाली तरी चालेल. कोणाच्या तरी घरचा गणपति अंधारांत राहूं नये.

कोणी म्हणेल, ‘जें ललाटीं लिहिलें आहे तें चुकत नाहीं, एवढी चिंता कशाला?’ आमचें उत्तर असें, कीं हेंच म्हणणारे आजोबा रात्रीं निजण्यापूर्वीं दाराची कडी दोनदां ओढून पाहतात, आणि विजा चमकूं लागल्या कीं नातवंडांना अंगणांतून आंत बोलावितात. दैवावरचा विश्वास त्यांना कडी लावण्याच्या आड येत नाहीं. मग पट्टा बांधण्याच्या आड कां यावा?

तेव्हां यंदा नारळी पौर्णिमेच्या दिवशीं, नारळीभाताची पंक्ति उठल्यावर, सर्वांनीं दहा मिनिटें एकत्र बसावें आणि ठरवावें : निघावयाचें उजाडल्यावर, हांकणारे दोन, आणि दर दोन तासांनीं थांबावयाचें, जितकीं आसनें तितकींच माणसें, आणि प्रत्येकाला पट्टा, वाटेंत चाकावरच्याशीं कोणी बोलावयाचें नाहीं, आणि गांवीं मूर्ति बसविण्याचा मान तेथें असलेल्याचा. या ठरावावर सही घरांतील सर्वांत वडील माणसाची असावी, कारण त्याच्या शब्दानेंच घाई उत्पन्न होते आणि त्याच्याच शब्दानें ती शमते. आपण ज्या देवाच्या दर्शनाला जातों, त्याला विघ्नहर्ता म्हणतों. परंतु जीं विघ्नें आपण स्वतः तयार करून वाटेवर मांडून ठेवतों, तीं त्यानें येऊन उचलावीं, ही अपेक्षा त्याच्याकडून करणें भक्तीला शोभत नाहीं. पंक्तींत सगळीं पानें मांडलेलीं असावीं आणि एकही रिकामें राहूं नये, याहून मोठा मुहूर्त कोणत्याही पंचांगांत आम्हांस सांपडलेला नाहीं.